बाळाचा आवाज पोहोचतो कुठवर?

ठाण्यातल्या माजिवडा नाक्यावर घोडबंदर रस्ता, नाशिकचा महामार्ग आणि पूर्व द्रुतगती महामार्ग एकत्र येतात. रात्रभर कंटेनरची धडधड. त्यामुळे इथल्या टॉवरांत खिडक्या बंद, एसी चालू आणि स्वयंपाकघरात चिमणी घुमत असते. बेडरूममध्ये रडणारं बाळ अशा घरात खरोखर ऐकू येत नाही. बेबी मॉनिटर पाहून 'आमच्या वेळी कुठे होतं असलं काही' म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

बाळ रात्री आईच्या कुशीतच असेल, तर मॉनिटर लागतो तो दिवसा, ती ओट्याशी असताना. त्याला फक्त आवाज ऐकवणारा, इंटरनेटशिवाय चालणारा साधा संच पुरतो. १९३७ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीने आणलेला 'रेडिओ नर्स' एवढंच काम करत होता. खोक्यावर छापलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो, काँक्रीटच्या भिंतींतून तो बराच घटतो. म्हणून परत करण्याची मुदत संपण्याआधी दार लावून, मिक्सर सुरू करून आवाज येतो का पाहा. आणि मॉनिटरची वायर पाळण्यापासून किमान ३ फूट लांब ठेवा. वायर गळ्याभोवती अडकून बाळं दगावली आहेत.

बाळाची नाडी, ऑक्सिजन मोजणाऱ्या महागड्या मोज्यांवर मात्र पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. झोपेतला आकस्मिक मृत्यू टाळण्यासाठी अशा घरगुती उपकरणांवर विसंबू नका, असं अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. बाळाला उताणं झोपवा, गादी घट्ट असू द्या, भोवती सैल पांघरुणं नकोत. डोक्याला आकार यावा म्हणून हौसेने शिवलेली राईची उशीसुद्धा नको.

खरा प्रश्न पुढे येतो. २०१७च्या कायदादुरुस्तीने मिळालेली २६ आठवड्यांची प्रसूती रजा संपते, आई ऑफिसला जाऊ लागते, बाळ सांभाळणाऱ्या मावशींकडे राहतं आणि मोबाइलवर दिसणारा वायफाय कॅमेरा घरात येतो. २०१६ साली 'मिराय' या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातून आलेल्या पासवर्डवर चालणारे असे असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते. तेव्हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, दुहेरी पडताळणी सुरू करा आणि चित्रण शक्यतो घरातल्या मेमरी कार्डवरच ठेवा. कॅमेऱ्यासोबत राउटरलाही इन्व्हर्टरची जोड हवी, नाहीतर वीज गेली की कॅमेरा चालू असूनही काही दिसणार नाही. आणि हलत्या झोळीवर कॅमेरा रोखलात, तर झोक्यागणिक हालचालीच्या सूचनेने मोबाइल वाजत राहील.

मावशींपासून लपवून कॅमेरा लावण्याच्या मी ठाम विरोधात आहे. त्यांना तो दाखवा, आवाजही टिपला जातो हे सांगा. त्या घरी फोनवर बोलतील, दोन घास खातील, बाळ निजल्यावर जरा पाठ टेकतील, तेवढ्या वेळासाठी कॅमेरा नसलेली एक जागा कामाच्या पहिल्याच दिवशी, पगार ठरवतानाच, ठरवून द्या.