रहीमसाहेबांच्या गावात

फुटबॉलचा नवा हंगाम तोंडावर आला की आम्हां हैदराबादकरांच्या जिवाला घोर लागतो. सय्यद अब्दुल रहीम यांचे हे गाव. 1950 ते 1954 अशी ओळीने पाच वर्षे हैदराबाद पोलिसांच्या संघाने मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला. 1956 साली रहीमसाहेबांनी तयार केलेला भारतीय संघ मेलबर्नला चौथा आला. वडीलधाऱ्यांच्या तोंडून हे ऐकतच आम्ही वाढलो.

2019 साली पुण्याचा संघ मोडला आणि त्याची जागा आमच्या गावास मिळाली. 2022 साली त्या संघाने इंडियन सुपर लीग जिंकली. 2025 साली तोही दिल्लीस गेला. पुणेकरांचे दुःख तेव्हा आम्हांस उमगले.

उरली ती दुसऱ्या श्रेणीची आशा. श्रीनिधी डेक्कन 2023 व 2024 साली लागोपाठ दुसरा आला. पण वर एकच संघ जातो. संघ जिंकावा असे कोणास वाटत नाही? तथापि आमची खरी काळजी, तो गावात टिकेल काय, ही आहे. मैदान ओस ठेवून केवळ जुन्या आठवणी सांगणाऱ्यांस तक्रारीचा अधिकार नाही. तेव्हा यंदा नातवंडांचे बोट धरून आपण मैदानावर जाऊ या.