इमानुएल बाखची सिंफनी म्हणजे पूल नव्हे

कार्ल फिलिप इमानुएल बाखच्या डी मेजर सिंफनीला बहुधा एकाच वाक्यात निरोप दिला जातो: वडील योहान सेबास्टियन यांच्या बरोक शैलीपासून हायडन-मोझार्टपर्यंत नेणारा भावुक शैलीचा पूल. हे मत सोयीचं आहे, पण तारखांपुढे टिकत नाही.

थोरले बाख 1750 मध्येच गेले. ही सिंफनी 1775-76 च्या सुमारास हॅम्बुर्गला लिहिली गेली आणि 1780 मध्ये छापून आली. हायडनची ‘फेअरवेल’ सिंफनी तर 1772 चीच. पलीकडच्या काठावर वस्ती झाल्यावर जे उभं राहिलं, त्याला पूल कसं म्हणायचं?

रचनेतला ऐवजही वेगळंच सांगतो. सुरुवातीला पहिली व्हायोलिनं एकच ‘डी’ स्वर धरून राहतात. तोच स्वर पुन्हापुन्हा येतो, अधिकाधिक घाईनं, तालाच्या आघातांना चकवत. खालून बाकीची तंतुवाद्यं उसळी घेतात. पुढे पहिला भाग रीतसर संपतही नाही. सूर भलतीकडे वळतात आणि अवघ्या अर्ध्या स्वरावरच्या ई-फ्लॅटमध्ये संथ भाग उमलतो. बासरी, व्हायोला आणि चेलो यांचं ते हळवं गाणं ऐकताना मघाचा आवेग याच रचनेतला होता, यावर विश्वास बसत नाही. लगेच, न थांबता, वेगवान तिसरा भाग. बारा स्वतंत्र स्वरपंक्ती आणि त्यांना आधार देणारं कळवाद्य ही जुन्या घराची शिस्त. क्षणात पालटणारी वृत्ती इमानुएलची स्वतःची. दोन्ही एकमेकांना भिडतात, त्या भिडण्यातच रचनेचा प्राण आहे.

मराठी श्रोत्याला याचं काय, असाही प्रश्न येतो. तो श्रोत्यावर अन्याय करणारा आहे, कारण शिस्त आणि भावना यांचा असा मेळ त्याच्या ओळखीचा आहे. 1916 च्या ‘स्वयंवर’ या संगीत नाटकात संगीतकार भास्करबुवा बखल्यांनी रागदारीची तालीम आणि रंगभूमीची भावना एकत्र नांदवली. ती पदं बैठकीत आजही मानानं गायली जातात. भावगीताकडे जाणारी पायरी म्हणून कुणी ती ऐकत नाही.

अडचण खरी आहे ती दुसरीच. रागात एक भाव सावकाश उलगडतो, या सिंफनीत तो अर्ध्या वाटेत सोडून दिला जातो. रागावर पोसलेल्या कानाला हे तुटणं अधिक तीव्रतेनं जाणवतं, आणि इमानुएलला श्रोत्याला नेमका तोच धक्का द्यायचा आहे.