फणसासाठी अख्खं ठाणं, मुलीसाठी कोण?



'कटहल' हा हिंदी चित्रपट २०२३ च्या मे महिन्यात नेटफ्लिक्सवर आला. पुढे ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला. तो आला तेव्हा सान्या मल्होत्राच्या कामाचं कौतुक झालं, पण 'गंमत ठीक आहे, उपहासाला धार नाही' असा शेराही काही समीक्षकांनी मारला. हा शेरा मला पटत नाही.

गोष्ट तशी साधीच. बुंदेलखंडातल्या एका गावात आमदारसाहेबांच्या बागेतले दोन फणस चोरीला जातात आणि सगळं पोलीस ठाणं कामाला लागतं. कुणाला हे अति वाटेल. पण २०१४ साली रामपूरला मंत्री आझम खान यांच्या म्हशी चोरीला गेल्या, तेव्हा पोलिसांची अशीच धावपळ झाली होती. त्याच वर्षी दिल्लीत एका खासदारांच्या बंगल्यातून फणस गेल्याचा तपासही पोलिसांनी केला. मग लेखकानं वाढवून सांगितलं तरी काय?

खरी गोष्ट पुढेच आहे. आमदारांच्या माळ्याची मुलगी बेपत्ता आहे आणि तिला शोधायला कुणाला वेळ नाही. शेवटी इन्स्पेक्टर महिमा बसोर युक्ती करते. फणस त्या मुलीनंच चोरले, असं ती वरिष्ठांना सांगते. झालं! आता मुलीचा शोध सुरू होतो. गरिबाची पोर हरवली तर कुणी हलत नाही, ती चोर ठरली की जीप निघते. यापेक्षा धार ती कसली हवी? आपण हसतो, आणि हसता हसता घशात काहीतरी अडकतं.

शिवाय महिमा दलित आहे. हाताखालचा हवालदार सौरभ द्विवेदी तिच्यावर प्रेम करतो, आणि दोघांच्या मध्ये हुद्दाही येतो, जातही येते. हे सगळं भाषण न ठोकता सांगितलंय. म्हणूनच आजी-नातवंडांनी एकत्र बसून पाहावा असा हा सिनेमा झालाय. तोच कडवट केला असता तर आधीच पटलेल्यांनी तेवढा पाहिला असता.

एक तक्रार मात्र रास्त आहे. शेवटाकडची पळापळ फार लांबते आणि सगळं जरा सोयीनं जुळून येतं. खऱ्या ठाण्यात इतकं सोपं नसतं, हे तक्रार घेऊन तिथे तासन् तास बसलेल्या कुठल्याही आईबापाला विचारा.

पण विनोद सौम्य आहे म्हणून विषयही हलका, असं नाही. पाहिला नसेल तर घरच्यांना घेऊन पाहा. आणि नंतर मुलांना एवढंच विचारा, 'काय रे, फणस महत्त्वाचे का ती मुलगी?' उत्तर त्यांना लगेच येईल. अडचण मोठ्यांची आहे.

— एक वाचक, ग्वाल्हेर