वर्गाने वर्गासाठी लिहावे

पदवीच्या तीन-चार वर्षांत आपला विद्यार्थी काही कमी लिहीत नाही. असाइनमेंट, जर्नल, प्रकल्प अहवाल, दर सत्राच्या उत्तरपत्रिका, सगळे मिळून शेकडो पाने होतात. पण ही पाने वाचणारा माणूस एकच, आणि तोही गुण देण्यापुरता वाचतो. शेजारच्या बाकावरचा मित्र असाइनमेंट उघडतो ती उतरवून घेण्यासाठी. वाचणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक आहे हे लिहिणाऱ्याला पक्के माहीत असते, त्यामुळे कुणाला काही पटवून द्यावे अशी वेळच येत नाही. अपेक्षित मुद्दे अपेक्षित क्रमाने मांडले की भागते. विद्यार्थ्यांना लिहिता येत नाही ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्यांना खरा वाचक कधी दिलाच नाही, याचा मात्र फारसा विचार होत नाही. माझे म्हणणे असे आहे की प्रत्येक विषयात, आठवड्याला पानभर का होईना, विद्यार्थ्यांनी एकमेकांसाठी लिहावे, एकमेकांना लेखी उत्तर द्यावे, आणि ही चर्चा अभ्यासक्रमाचाच भाग धरली जावी. ती गूगल क्लासरूमवर होते की वर्गात फिरणाऱ्या वहीत, हा दुय्यम प्रश्न आहे.

वर्गात तोंडी चर्चा होतेच की, असे यावर सांगितले जाते. शंभर-सव्वाशेची तुकडी आणि पाऊण तासाचे लेक्चर, त्यातली दहा मिनिटे हजेरीत गेलेली. अशा वेळी चर्चा होते ती पहिल्या दोन बाकांशी. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात असे तिला आढळले. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरे लांबली, मुले पुराव्याचा आधार घेऊन बोलू लागली, आणि एरवी गप्प बसणारीही बोलती झाली. महाविद्यालयात तर आणखी एक अडसर असतो. मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजी लेक्चर ऐकत मनात वाक्य जुळवते, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. लेखी चर्चेत तिला दोन-तीन दिवस मिळतात. वाक्य खोडता येते, संदर्भ पुन्हा पाहता येतो, आणि सुरुवातीला मराठीत लिहिण्याची मुभा दिली तर विचाराची आणि भाषेची कसोटी एकाच वेळी लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. अर्थशास्त्राच्या तासाला पुरवठ्याची लवचिकता शिकवतात. फळ्यावरचे वक्र वहीत उतरतात आणि परीक्षेत जसेच्या तसे परत येतात. हाच घटक शिकवून झाल्यावर वर्गाला विचारावे की ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर घातलेली बंदी योग्य होती का. शहरातला विद्यार्थी लिहील की देशातला पुरवठा वाढला, भाव उतरले, ग्राहकाला दिलासा मिळाला. पुस्तकाप्रमाणे हे बरोबरच आहे. पण वर्गात निफाड-येवल्याकडची कुणी असेल तर ती विचारेल, डिसेंबरात बाजार समितीत येतो तो कुठला कांदा? तो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, लाल कांदा टिकत नाही. लिलावात भाव पाडून मागितला म्हणून ट्रॉली घरी परत नेली, तर माल सडायला लागतो आणि भाड्याचा भुर्दंड वेगळा. म्हणजे बंदी आली त्या वेळी शेतकऱ्याला थांबण्याची सोयच नव्हती. आता पहिल्याला आपला मुद्दा पुन्हा तपासावा लागेल, कारण लवचिकता महिन्यागणिक आणि वाणागणिक बदलते हे त्याने गृहीतच धरले नव्हते. तिसरा कुणी लक्षात आणून देईल की मे २०२४ मध्ये बंदी उठली ती ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यात मूल्य लावून, मग ती कितपत उठली म्हणायची? ही माहिती त्या वर्गात आधीपासून बसलेली असते. परीक्षेच्या उत्तरात तिला जागा नसते, म्हणून ती कुणाच्या कानावर जात नाही. मला हे नुकसान फार मोठे वाटते.

एकमेकांसाठी लिहिणे हे काही बाहेरून आणलेले खूळ नाही. मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी १८४८ साली आपली एक सभा स्थापन केली. सभासदांनी निबंध लिहायचे, एकमेकांपुढे वाचायचे, त्यांवर वाद करायचे, अशी तिची रीत होती. तिच्या मराठी आणि गुजराती शाखांमध्ये हेच काम देशी भाषांतून चालले. स्त्रीशिक्षणावरच्या एका निबंधावर चर्चा झाली, आणि १८४९ साली दादाभाई नौरोजींसह या तरुणांनी मुलींच्या शाळा काढून सकाळच्या वेळी विनामोबदला शिकवायला सुरुवात केली. आपल्या बरोबरीच्यांसमोर लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली होती.

ज्यांना विषयच येत नाही ती मुले एकमेकांना काय शिकवणार, हा आक्षेप प्राध्यापकांकडून हमखास येतो. कोलोराडो विद्यापीठातल्या पदवीच्या वर्गात झालेला एक अभ्यास २००९ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. गटात सुरुवातीला कुणालाही बरोबर उत्तर येत नसले तरी चर्चेनंतर समज वाढते, असे त्यात दिसले. चूक शब्दांत मांडावी लागली की ती दिसते, एवढे साधे कारण यामागे असावे. ‘छान, सहमत’ एवढेच लिहून मुले मोकळी होतील, ही भीती मात्र खरी आहे. त्यासाठी प्रत्येक उत्तरात समोरच्याचे एक विधान नेमके उचलून त्यावर शंका किंवा पुरावा द्यायचा, असा नियम हवा. गुण द्यायचे तर सत्राच्या शेवटी, एकदाच द्यावेत. रूथ बटलर यांच्या १९८८च्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेली मुले सुधारली; शेऱ्याबरोबर गुणही दिले तेव्हा शेऱ्याचा फायदा उरला नाही. आता चॅटजीपीटी सगळे लिहून देईल, असेही म्हणतील. देईल, आणि असाइनमेंट ते आजच लिहून देत आहे. इथे निदान लिहिणाऱ्याला पुढच्या तासाला वर्गमित्रांच्या प्रश्नांना तोंडी उत्तर द्यावे लागेल. आणि हे लेखन वर्गाबाहेर जाता कामा नये. जात, धर्म, घरची परिस्थिती यांवर एकोणिसाव्या वर्षी लिहिलेले मत जन्मभर कुणाच्या मागे लागू नये.

सगळ्यात वजनदार आक्षेप शिक्षकांच्या वेळेचा आहे. एकशेवीस जणांची तुकडी बारा-बारांच्या दहा गटांत विभागली आणि प्राध्यापकाने दर आठवड्याला एकाच गटाची चर्चा बारकाईने वाचली, तर माणशी दोनशे शब्दांप्रमाणे ते चोवीसशे शब्द होतात. एक तास पुरतो. तरीही तो तास कुणाच्या तरी पदरचा असतो. आज कित्येक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक शिकवण्याचा मोठा भार उचलतात, आणि त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासिकांचे. म्हणून हा वाचनाचा तास वेळापत्रकात छापलेला असला पाहिजे, आणि त्याचे मानधन शिकवण्याच्या तासिकेइतकेच असले पाहिजे.