बाटलीतला रातांबा



जळगावकडच्या केळीबागांमुळे टिश्यू कल्चर, म्हणजे ऊतिसंवर्धन, हा शब्द आता खेडोपाडी पोचला आहे. साहजिकच कोकणातले बागायतदार विचारतात, ‘आमच्या रातांब्याची अशी रोपे का मिळू नयेत?’ प्रश्न रास्त आहे.

आमटीला आमसूल, अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी, टाचेच्या भेगांना भिरंडेल. असे हे घरचे औषधी झाड. पण रान तुटत चालले आणि जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून झाली. नवी लागवड करावी, तर रातांब्यात नर झाड निराळे, मादी निराळे. बियांच्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि ते फुलावर येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षे, कळत नाही. तोवर खत, पाणी आणि जागा वाया जाते.

ऊतिसंवर्धनात झाडाचा लहानसा तुकडा निर्जंतुक करून बाटलीत ठेवतात. साखर, क्षार व वाढीची संप्रेरके घातलेल्या खाद्यावर त्याला कोंब फुटतात, मग मुळे येतात. शेवटी रोप दमट सावलीत ठेवून हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००६ साली रातांब्याच्या कोवळ्या बियांपासून अशी रोपे तयार केल्याचे प्रसिद्ध केले.

आता नीट लक्ष द्या. बी कोवळे असो वा पक्के, त्यातून नर येणार की मादी, हे आधी कळत नाही. खात्रीची मादी हवी तर फळत्या झाडाचाच तुकडा घ्यावा लागतो. जुन्या झाडाच्या तुकड्याबरोबर बुरशी व जंतू बाटलीत शिरतात, कापलेला भाग काळा पडतो, मुळेही सहजी फुटत नाहीत. म्हणून कोणी टिश्यू कल्चरचे रोप म्हणून जादा दर सांगितला, तर पहिला प्रश्न विचारा: तुकडा बियाचा की फळत्या मादीचा?

तूर्त भरवशाचा मार्ग कलमाचाच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही निवडक जात दिली आहे. घरच्या झाडाचे मृदुकाष्ठ कलम करायचे, तर काडी सरळ उभ्या वाढीच्या शेंड्याची घ्या. आडव्या फांदीच्या काडीचे झाड आडवेच पसरते. परागीकरणासाठी बागेत थोडे नरही राखा. सगळी बाग एकाच झाडाची करू नका. एक रोग आला तर सगळीच जाईल.

येत्या उन्हाळ्यात रातांबे काढताना एक काम करा. जाड सालीची, भरपूर फळे देणारी झाडे हेरून बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढा. उद्या बाटलीतून रोपे आली, तरी त्यांची आई तुमच्याच परड्यात उभी असायला हवी. ती तुटली, तर प्रयोगशाळा तुकडा आणणार कोठून?