स्टिअरिंग मध्येच जड होतंय? आधी बॅटरी तपासा

पावसाळ्यात लोणावळा-मावळात जुन्या गाडीचे पॉवर स्टिअरिंग मध्येच जड होते आणि गाडी बंद करून चालू केली की हलके होते. म्हणून दुखणे अंगावर काढणे धोक्याचे. बोरघाटाच्या वळणावर मदत गेली तर चाके वळतात, पण अचानक बराच जोर लावावा लागतो. मात्र थेट महागडा स्टिअरिंग कॉलम बदलणेही चूकच. इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये आधी अर्थिंगची तार, ओलाव्याने गंजलेले कनेक्टर आणि बॅटरी पाहावी. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. हायड्रॉलिकमध्ये पट्टा आणि ऑइलची पातळी तपासावी. दिवा विझला तरी बिघाडाचा कोड बहुधा साठलेला असतो. तो स्कॅनरवर वाचल्याशिवाय नवा भाग बसवू देऊ नये.