हेक्टरी हिशोब आणि गुंठ्यांची वाडी

दापोली तालुक्यातील आंजर्ले आमच्या बहुतेक वाचकांना सहलीपुरतेच ठाऊक असावे. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहावा, जोग नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडावा, कड्यावरच्या गणपतीच्या टेकडीवरून समुद्र न्याहाळावा आणि परतावे, असा आपला शिरस्ता. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने ह्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा आपण हळहळलो आणि पुढे विसरलो. वाडीवाल्यास तसे विसरता येत नाही. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती येईपर्यंत सहा-सात वर्षे जातात. नारळासही जवळपास तेवढीच. शिवाय वाडी म्हणजे केवळ झाडांच्या रांगा नव्हेत. पोफळीच्या खोडावर मिरीचा वेल चढतो, तिच्या सावलीत जायफळ वाढते, पाटाच्या कडेला केळ असते. वरचे छत्र कोसळले की खालचे जायफळ उन्हात होरपळते.

ह्या नुकसानीस शासनाने कोणते माप लावले? फळबागांस हेक्टरी ५०,००० रुपये! हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे. ज्याची वाडी पाच गुंठ्यांची, त्याच्या वाट्यास ह्या मापाने अडीच हजार रुपये येतात. ओरड झाली, तेव्हा झाडांचा हिशोब पुढे आला: पोफळीस ५० रुपये, नारळास २५०. पन्नास रुपयांत पडलेले खोड तोडून बांधापर्यंत ओढण्याची मजुरी तरी भागते काय? रक्कम तुटपुंजी होती, हे तर आहेच. परंतु आमचा मुख्य आक्षेप मापावर आहे. वाडी ही उत्पन्नाची बाब म्हणून मोजली गेली. ती गावाचा वारा अडवते, पाऊस जिरवते, विहीर गोड ठेवते, हे कोणत्याही रकान्यात बसले नाही.

आणि जे रकान्यात बसत नाही, ते पुन्हा उभे करण्याची योजनाही होत नाही. विकास म्हटला की आपल्याकडे रस्ता, बंधारा आणि लॉज ही तीनच नावे सुचतात. लाटा आत येतात म्हणून दगडी भिंत मागितली जाते. भिंतीवर आपटून परतणारी लाट भिंतीच्या पायथ्याची वाळू ओढून नेते आणि भिंत जिथे संपते तिथल्या शेजाऱ्याचा किनारा अधिक खाते. सुरूची बने वारा अडवावा म्हणून लावली गेली. त्यांतील कितीतरी झाडे त्याच वादळात उन्मळली. वाळू धरून ठेवण्याचे काम मर्यादवेल आणि केवडा पिढ्यान्‌पिढ्या विनामूल्य करीत आले. (मर्यादवेल हे नाव ज्याने ठेवले, त्यास किनारा नियमन कळत होते असे म्हणावयास हरकत नाही.) कायद्याने मात्र उलटी वाट धरली. खाडीकाठच्या बांधकामाचे १०० मीटरचे बंधन जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ५० मीटरवर आणले, आणि दीड वर्षाच्या आत ‘निसर्ग’ आले.

कड्यावरच्या गणपतीचे मूळ देऊळ समुद्रकाठी होते. पाणी आत सरकू लागले तेव्हा देव टेकडीवर गेला, अशी गावची परंपरा आहे. आख्यायिकेतील श्रद्धेचा भाग ज्यांचा त्यांनी जपावा. समुद्र पुढे आला तर माणसाने मागे सरावे, एवढे त्या गावास पूर्वीच उमगले होते, हे आम्हांस तीत दिसते. आज आपण वाळूवरच खोल्या बांधू पाहतो.

आम्ही वसईकरांनी हे बोलावे ह्यास कारण आहे. १९९० साली आपल्या भागाचे नियोजन सिडकोकडे गेले, तेव्हा हरित वसईच्या आंदोलनात आपली धर्मग्रामे रस्त्यावर उतरली. तरीही बावखले बुजत गेली. कित्येक आपणच बुजवली. जुलै २०१८ मध्ये वसई दिवसेंदिवस पाण्याखाली होती, तेव्हा पाण्यास जावयास जागा कुठे उरली होती?

‘तुम्हांला देखावा हवा म्हणून आम्ही गरीब राहायचे काय?’ असे किनाऱ्यावरचा तरुण विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. परंतु शेजारच्या वेळासकडे पाहा. तेथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह कासवांची घरटी राखली आणि कासव महोत्सवाचे पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले. आंजर्ल्यासही असा महोत्सव भरतो. कासवीस मोकळी वाळू लागते. भिंतीपाशी ती अंडी घालू शकत नाही. म्हणजे येथे देखावा आणि पोट ह्यांत वैर नाही.

‘आमचं गाव, आमचा विकास’ ह्या नावाने ग्रामपंचायतींकडून दरवर्षी आराखडा करून घेतला जातो. त्यात पहिले पान वाडीचे असावे, अशी आमची मागणी आहे. वादळ येण्यापूर्वीच झाडन्‌झाड नोंदलेले असावे, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी तलाठ्याच्या अंदाजावर कोणाचे सात वर्षांचे भवितव्य ठरणार नाही. नारळ-पोफळीची रोपवाटिका गावातच असावी, विजेच्या तारा जमिनीखालून जाव्यात आणि वाळूचा पट्टा मर्यादवेलीस परत द्यावा. नवी घरे हवीतच. ती टेकडीच्या अंगाने व्हावीत. किनाऱ्यावर पंपाने बेसुमार उपसा झाला की विहिरीत खारे पाणी शिरते, म्हणून लॉजला परवानगी देण्यापूर्वी तिच्या विहिरीचा हिशोब मागावा. ह्यांतील एकही गोष्ट भिंतीहून महाग नाही. ठेकेदारास तीत फारसे मिळत नाही, एवढेच.

राहता राहिलो आपण. ‘लाउदातो सी’ ह्या २०१५ च्या परिपत्रकावरची व्याख्याने आपण मन लावून ऐकली आणि घरी येऊन ‘समुद्रदर्शनी भूखंड’ अशा जाहिरातीही वाचल्या. वसईतील जमीन विकून आलेला पैसा दापोलीच्या किनाऱ्यावर गुंतवण्याचे बेत लग्नाच्या मांडवात आमच्या कानांवर येतात. अशा बेतातील बांधवांना आमची विनंती आहे: सही करण्यापूर्वी त्या जागी कोणाची वाडी होती, हे गावात विचारावे, आणि मे महिन्यात एकदा तेथे जाऊन शेजारच्या विहिरीचे पाणी चाखून पाहावे.